परतीची निळी रेष

जीपीएस घेतल्यापासून माझा धाकटा भाऊ रोहन जुईनगर स्टेशनलासुद्धा त्याला विचारून जातो. त्या दिवशीही तो यंत्र मांडीला बांधून कयाकमध्ये माझ्या मागे बसला होता. सकाळी भरतीच्या पाण्यावर नेरूळच्या जेटीवरून खाडीत निघालो, ती वाट पडद्यावर निळ्या रेषेने उमटली होती. आता ओहोटी लागली होती आणि तो तीच रेष धरून परत चालला होता. आल्या वाटेने परतावं म्हणजे माणूस चुकत नाही, ही आमच्या आईची शिकवण.

"रोहन, पाणी कमी झालंय."

"टेन्शन नको घेऊ ताई, लाइनवरच आहोत."

रेषेवर होतो हे खरं, पण रेषेखालचं पाणी निघून चाललं होतं. जेटी समोर दिसत असताना कयाक घासली आणि थांबली. ढकलायला म्हणून हा खाली उतरला. मी नको म्हणेपर्यंत मांडीपर्यंत गाळात गेला.

एक पाय ओढायचा, तर दुसरा आणखी खाली जायचा. मला त्याचा इतका राग आला की घाबरायला वेळच मिळाला नाही.

"हलू नको. पोटावर ये, आडवा पड."

लाइफ जॅकेटचे पट्टे धरून मी ओढत राहिले. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग एक पाय सुटला, मग दुसरा. चपला गाळातच राहिल्या. तो वर येऊन धापा टाकत पडला आणि मला रडू फुटलं.

गाळात वल्ही रोवून आम्ही कयाक मागे रेटली, तेव्हा कुठे ती तरंगली. त्याने लगेच पुन्हा जेटीकडे वळवायला घेतली.

"वल्हं वर घे. काही करू नको. आपण कुठे वाहतोय ते स्क्रीनवर बघ."

ठिपका सरकू लागला. जेटीपासून लांब, उघड्या खाडीकडे.

"ताई, घर उलट्या बाजूला आहे."

"पाणी जातंय तिकडेच खोल असणार. आधी पाण्यात राहू, घराचं मग बघू."

ठिपका सरकला त्या दिशेने वल्हवत गेलो. वाट सोडली म्हणून यंत्र ओरडत राहिलं. वळायला रोहनचे हात शिवशिवत होते. मी मागे बघून डोळे वटारले.

खोल पाण्यात कोळ्यांनी जाळ्यासाठी रोवलेला एक खांब सापडला. त्याला दोरी बांधून उन्हात बसून राहिलो. अर्धी बाटली पाणी, दोघांत. भरती लागेपर्यंत आम्ही एकदाही भांडलो नाही, म्हणजे बघा.

पाणी पुरेसं चढल्यावर त्याच निळ्या रेषेवरून निघालो. एका जागी रेषेचा गुंता झाला होता. आम्ही रुतलो होतो ती जागा. रोहन वल्हवायचा थांबला. मी माझं वल्हं उभं धरून खाली सोडलं. ते अख्खं बुडलं, माझा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, तरी तळ लागला नाही.

वल्हं रोहनपेक्षा हातभर उंच आहे.

"ताई, चल ना," तो मागून म्हणाला.

मला वल्हं वर काढायलाही सुचत नव्हतं.