फायगाचे चार वाढदिवस

सिनेमावाले फायगाच्या घरी आले ते एका समुपदेशक बाईंना बरोबर घेऊनच. जुन्या आठवणी काढताना म्हातारीला काही झालं तर हाताशी माणूस असावं म्हणून. म्हातारी चांगली धडधाकट होती. तिनं सगळ्यांना लिंबू घातलेला चहा दिला, मधाचा केक कापला आणि सांगायला सुरुवात केली. थोड्याच वेळात समुपदेशक बाई हुंदके द्यायला लागल्या आणि फायगाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं.

सिनेमा तिच्याच लोकांवर होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली काहीशे अनाथ ज्यू मुलं विमानानं इंग्लंडात आणली, उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी ठेवली आणि तिथं ती हळूहळू पुन्हा माणसांत आली, अशी ती गोष्ट. बहुतेक सगळे मुलगे. आता नव्वदीला टेकले तरी एकमेकांना 'पोरं' म्हणतात. फायगा त्यांच्यात सगळ्यात धाकटी, पाचेक वर्षांची. पाचेक हा अंदाजच. तिला स्वतःचं नाव ठाऊक होतं, वाढदिवस ठाऊक नव्हता.

"मग तो कुणी ठरवला?" दिग्दर्शकानं विचारलं. याचं नाव क्रिस्पिन. घरात शेगडी पेटलेली असतानाही त्यानं गळ्यातला मफलर सोडला नव्हता.

फायगानं सांगितलं. शेजारच्या खोलीत चार मोठी पोरं होती: बेरिश, शाया, हेनेक आणि कोपेल. चौघांनाही एकेक धाकटी बहीण होती. होती. या चिमुरडीला एक तारीख हवी म्हटल्यावर चौघांनीही आपापल्या बहिणीची तारीख पुढे केली. आधी वाद झाला, मग मारामारी, त्यात शायाचा दात पडला. शेवटी फुटबॉल आणला आणि जो जास्त गोल मारेल त्याची तारीख, असं ठरलं. बेरिश जिंकला. फायगाला तीन मार्च मिळाला, त्याच्या हिंदाचा.

हरलेल्या तिघांनी तो निकाल काही मानला नाही. गोलखांब म्हणून ठेवलेलं जॅकेट बेरिशनं पायानं सरकवलं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी आयुष्यभर लावून धरलं. प्रत्येक जण दरवर्षी आपल्या तारखेला केक घेऊन फायगाच्या दारात हजर. तिचा नवरा होता तोवर म्हणायचा, "दार उघड, आज परत जन्मलीस वाटतं."

आता त्यातला एकटा कोपेल उरला होता. दर बावीस ऑक्टोबरला यायचा, केक टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "खा, चिमणे." बहिणीचं नाव घ्यायचा नाही. ते त्यानं एकदाच उच्चारलं होतं, त्या मैदानात, नाकातून रक्त गळत असताना. पेर्ला.

फायगाला घोर लागला होता तो याचाच. कोपेलनं नव्वदी ओलांडलेली. कागदावर थोडा लहान, कारण विमानात जागा मिळावी म्हणून पोरांनी वयं चोरली होती. पण गुडघ्यांना खरं वय माहीत होतं. तो गेला की पेर्ला फक्त फायगाच्या डोक्यात उरणार, आणि ते डोकंही ऐंशीचं. निदान सिनेमात तरी ती नावं यावीत, एवढ्यासाठी तिनं या मफलरवाल्याला घरात घेतलं होतं.

"सुंदर," क्रिस्पिन म्हणाला. "पण प्रेक्षकाचा गोंधळ होईल. इतक्या बहिणी एकदम. त्या आहेत कुठे, असं विचारेल तो."

"आम्हीही तेच विचारत होतो," फायगा म्हणाली.

समुपदेशक बाईंनी परत रुमाल काढला.

तळ्याकाठी चित्रीकरण सुरू झालं तेव्हा फायगाला बोलावणं आलं. कोपेलचा गुडघा आडवा आला, तो घरीच राहिला. तिथं गेल्यावर तिला कळलं की मारामारी गेली, दात गेला, बहिणी गेल्या. आता वसतिगृहाच्या बाई छोट्या मुलीला मांडीवर घेऊन म्हणतात, "बाळ, आज तुझा वाढदिवस," आणि पोरं कृतज्ञतेनं टाळ्या वाजवतात. त्या बाईंचं काम करणाऱ्या नटीचे डोळे सकाळपासूनच भरलेले होते. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ओसरले नाहीत.

एक मुलगी पोरांच्या गालांना काजळी फासत होती.

"अगं, हे काय? आल्या दिवशीच घासून घासून आंघोळी घातल्या होत्या आम्हाला. वर पावडर. जन्मात इतके स्वच्छ नव्हतो आम्ही."

"स्वच्छ चेहऱ्यावर दुःख दिसत नाही ना, आजी," ती मुलगी समजुतीनं म्हणाली.

तिकडे क्रिस्पिन गावातल्या शाळेच्या पोरांना रडायला शिकवत होता. "तुमचं कुत्रं मेलंय असं मनात आणा."

"आमच्याकडे मांजर आहे," एक पोरगा म्हणाला.

"मग मांजर मेलंय."

"फुटबॉल तरी ठेवलाय का?" फायगानं विचारलं.

"ठेवलाय की. पण संथ गतीत, आणि कुणी जिंकत नाही."

ती नावं घ्यायला फायगाला एकच जागा उरली होती. असल्या सिनेमांच्या शेवटी खरी म्हातारी माणसं आणून उभी करतात, म्हणजे मधल्या सगळ्यावर लोकांचा विश्वास बसतो. क्रिस्पिनला तिथं एक तरी बाई हवी होती आणि बाई म्हणून हीच होती. तिला पाण्याशी उभं केलं आणि नाव, जन्मतारीख सांगायला लावलं.

"माझं नाव फायगा. माझा जन्म तीन मार्चला झाला, तो दिवस हिंदाचा. अकरा जुलैला झाला, तो मिर्लचा. तीस ऑगस्टला झाला, तो सालाचा. आणि बावीस ऑक्टोबरला. तो पेर्लाचा."

"अप्रतिम. आता एकदा नुसतं तीन मार्चपर्यंत घेऊ या?"

"माझ्याकडे एवढंच आहे. घ्यायचं तर सगळं घ्या."

"बरं. तोंड जरा कमी उघडाल का? खूप मोठं उघडतं."

"नाही."

ते तोंड कोपेलमुळे तसं झालं होतं. त्यानं तीस वर्षं कापडाच्या गिरणीत काढली, कान तिथल्या मागांच्या खडखडाटाला वाहिले आणि बदल्यात तिथल्या बायकांकडून ओठ वाचायला शिकला. सिनेगॉगमध्ये तो खाली पुरुषांत, ती वर बायकांच्या सज्जात. तरी प्रवचन चालू असताना दोघं रब्बींची यथेच्छ निंदा करायची, अवाक्षर न काढता. त्या सवयीनं ती सगळ्यांशीच मोठ्ठं तोंड करून बोलायची.

मे महिन्यात मँचेस्टरात पहिला खेळ झाला. कोपेल टाय बांधून आला होता. पहिल्याच प्रसंगात व्हायोलिनं सुरू झाली तशी त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. सिनेमाभर लोक रडत होते. कोपेल एकदाच मोठ्यानं म्हणाला, "पोरांना आंघोळ का घालत नाहीत?"

शेवटी ते तळं आलं. फायगाचा चेहरा भिंतीएवढा. चेहऱ्यातले ओठ हलायला लागले आणि आवाजाच्या जागी आली व्हायोलिनं. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती व्हायोलिनं. चेहरा इतका बोलका आहे की शब्दांची गरजच नाही, असं कुणीतरी ठरवलेलं दिसत होतं.

माफी मागायला फायगा कोपेलकडे वळली. त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. पुढच्या खुर्चीची पाठ धरून तो वाकला होता आणि पडद्यावरच्या तिच्या मागोमाग त्याचे ओठ हलत होते. हिंदा. मिर्ल. साला. मग थांबले.

दिवे लागले तरी तो टायनं चष्माच पुसत होता.

"बेरिशनं जॅकेट सरकवलं होतं," शेवटी तो म्हणाला. "ते नाही सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. कापलं."

"बेरिशचं नशीब."

तेवढ्यात क्रिस्पिन गर्दीतून वाट काढत आला. कोपेलच्या खांद्यावर हात ठेवून, कानाशी वाकून त्यानं ओरडून विचारलं, "शेवट कसा वाटला? संगीत?"

कोपेलनं आधी त्याला कानाशेजारून उठवून समोर उभं केलं आणि पुन्हा विचारायला लावलं.

"फार छान," मग म्हणाला. "एक शब्द बुडाला नाही."

क्रिस्पिननं छातीवर हात ठेवला. त्याचेही डोळे भरून आले.

"सगळीकडे लागणार का हा?"

"सगळ्या देशात. पुढच्या महिन्यात."

"दिवसाला किती खेळ?"

"चार तरी."

कोपेल फायगाकडे वळला. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाला: रोज चार वेळा. मग कोटाच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेला मधाचा केक काढून तिच्या हातावर ठेवला.

"अरे, आज कुठे तारीख आहे?"

"असू दे. खा, चिमणे. पेर्लाला कडेचा तुकडा आवडायचा."