आईच्या हातचं पपनस

आमच्या घरात गोळी मी देते. सासूबाई नाही, आमचे हे नाहीत, आणि ज्याची गोळी आहे तो आ-छोंग तर नाहीच नाही. सकाळी पेज पिऊन झाली की एक, संध्याकाळी जेवण झालं की एक. मी पुढ्यात उभी राहते, तो गिळतो आणि मग जीभ बाहेर काढून दाखवतो. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण जीभ अशी काढतो की शाळेतल्या पोरानं वेडावून दाखवावं. वर विचारतो, "झालं समाधान, जेलरबाई?"

हे जेलरपण मी हौसेनं घेतलेलं नाही. आ-छोंग माझा धाकटा दीर. शाळेत असल्यापासून त्याला फिट येतात, आणि विशी उलटल्यावर मनाचंही दुखणं मागे लागलं. एका वर्षी हा माणूस झोपेनासाच झाला. दिवसरात्र बागेत खणत बसायचा, मोठमोठ्यानं गायचा, साऱ्या गावाला पुरेल एवढं खत मागवून मोकळा झाला. पुढचे कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. दोन्ही दुखण्यांना मिळून एकच गोळी चालते असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला देव पावल्यासारखं वाटलं. अट एवढीच की ती रोज घ्यायची आणि आपल्या मनानं बंद करायची नाही.

ती अट सासूबाईंनी मोडली होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी औषध घेतलं की वर्षभर आजार पाठ सोडत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं धरून चालतात. त्या दिवशी सासूबाईंनी गोळ्या कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशीही सण आहे म्हणून राहू दिल्या. तिसऱ्या दिवशी आ-छोंग बागेतल्या पाटाच्या कडेला फिट येऊन पडला, तो तोंड पाण्यात. ह्यांनी केसांना धरून वर ओढला म्हणून वाचला. त्याचे निळे पडलेले ओठ मी पाहिलेत, ते अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. मी तेव्हा सासूबाईंना जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, पोटात काही ठेवलं नाही. त्या एका शब्दानं उलटल्या नाहीत. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत गेल्या. तेव्हापासून त्यांनी लेकाच्या औषधाला कधी हात लावला नाही.

त्याची जुनी गोळी बरीच वर्षं चालली, पण तिनं हात थरथरायला लागले आणि केस गळायला लागले. म्हणून या वसंतात डॉक्टर को बाईंनी गोळी बदलली. आधी रक्त तपासलं. आपल्याकडच्या काही लोकांना म्हणे ही नवी गोळी सोसत नाही, अंगाची कातडी सोलून निघते. ह्याचं रक्त ठीक निघालं. हळूहळू हात थांबले, झोप लागायला लागली. उन्हाळाभर माणूस इतका छान होता की मला उलट धाकधूकच वाटायची. सुखानं बसायची सवय राहिलेली नाही ना आम्हाला.

मग काढणीच्या तोंडावर वादळ आलं. आमची मादौ गावात पपनसांची बाग आहे. मध्य-शरदाच्या पुनवेच्या सणाला घरोघरी पपनस लागतं, त्यामुळे आमचं सारं वर्ष त्या एका सणावर. वादळानं बरीच फळं खाली आली. उरलेली आम्ही घाईघाईनं तोडली आणि बैठकीच्या फरशीवर मांडली. पपनस तोडल्या तोडल्या कुणी खात नाही. त्याचं पाणी उतरू द्यावं लागतं, साल जरा सुरकुतली की आतून गोडी येते. त्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते. देवापुढे पपनसं, पलंगाखाली पपनसं. चांगली खोक्यांत भरून गिऱ्हाइकाकडे जातात, मार लागलेली आमच्या पदरात पडतात.

सासूबाई सकाळपासून बुटक्या स्टुलावर बसून तीच सोलत असायच्या. साल चिरायची, आतला पांढरा कापसासारखा थर सोडवायचा, पाकळीवरचा पापुद्रा काढायचा आणि एकेक पाकळी आ-छोंगच्या तोंडात द्यायची. "बायको नाही बिचाऱ्याला, कोण सोलून देणार?" हे मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मीही काही बहिरी नाही. "द्या की आई, मी काय हात धरलाय?" असं म्हणून भांड्यांचा आवाज थोडा वाढवायची. औषध मी देत होते, पपनस त्या देत होत्या. घरात तेवढी वाटणी झालेली होती.

आ-छोंग पहिल्यांदा दाराच्या चौकटीला खांदा घासून गेला तेव्हा मी हसले. "सकाळीसकाळी लावून आलास की काय?"

"तुझ्या हातचा चहा प्यायलोय," तो म्हणाला. "त्यानंच झिंगलो असेन."

पुढे एका सकाळी त्यानं ओतलेला चहा कपात न पडता कपाशेजारी पडला. तो त्या ओघळाकडे बघत राहिला, आणि चेष्टा करायचं विसरला.

दुपारी बागेत तुटक्या फांद्या छाटताना त्यानं शिडीवर पाय ठेवला, तो पायरीच्या बाजूला. पडला खालच्याच पायरीवरून, फारसं लागलं नाही. मी उचलायला गेले तर त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"वहिनी, मला दोन शिड्या दिसतायत."

"ऊन लागलं असेल रे."

"कालपासून सगळंच दोन दिसतंय. आईला सांगू नकोस." मग अगदी हळू म्हणाला, "परत सुरू झालं का गं माझं?"

"गप, काहीतरी बोलू नकोस," मी म्हणाले खरी. पण ते खणणं, ते गाणं, ती भिंत, सगळं एकदम आठवलं. पुन्हा ते सोसायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्यातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून बसेना. बसवला तर डोकं कलंडायचं. बुबुळं एका जागी ठरत नव्हती, सारखी एका बाजूला ओढ घेत होती. घोटभर पेज घेतली, तीही उलटून पडली. मी गोळी घेऊन गेले तर त्यानं ओठ मिटून घेतले.

सासूबाई दारात होत्या. किती वर्षांनी त्या औषधाबद्दल बोलल्या. "नवी गोळी आहे ना ती? तिनंच होतंय हे. नको देऊस."

"आई, मागे नाही दिली तेव्हा काय झालं ते विसरलात?"

"नाही विसरले," त्या म्हणाल्या. "एकही दिवस विसरले नाही. पण तू बघ तरी त्याच्याकडे."

मी बघितलं. आ-छोंग माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होता, तिथं त्याला दुसरी वहिनी दिसत असावी. रागावलेला नव्हता. लहान मुलासारखं विचारलं त्यानं, "वहिनी, तूच मला विष देतेयस का गं?"

माझ्या तळहातावर ती एवढीशी गोळी. दिली आणि खरंच तिनंच होत असेल, तर मीच त्याला मारणार. नाही दिली तर तो पाट, ते निळे ओठ. मी कुणाला घाबरत नाही अशी माझी गावात ख्याती आहे, पण त्या गोळीला मी घाबरले. रडायला आलं. रडत बसायला वेळ नव्हता, म्हणून रुग्णालयात औषधं देतात त्या खिडकीला फोन लावला. तिथल्या बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "ही गोळी आत्ता देऊ नका. पण बंद करून घरीही बसू नका. लगेच घेऊन या, आणि घरातली असतील नसतील ती सगळी औषधं बरोबर आणा. पुढचं डॉक्टर ठरवतील."

ह्यांनी गाडी काढली. आ-छोंगला मागच्या सीटवर मध्ये बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई. त्यांच्या मांडीवर खोकं होतं. सणाच्या तोंडावर डॉक्टरांच्या दारी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून निवडक पपनसं भरली होती. रस्त्यावर सणाची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी सारखी त्याच्या ओठांकडे बघत होते. गोळी चुकलेली, मला तेवढंच कळत होतं. रस्त्याकडेला पाट दिसला की मी डोळे मिटायची. ह्यांचं तोंड तर आपलं चालूच, "आलंच आता, आलंच आता." आणि सासूबाईंनी पिशवीतून घरी सोलून आणलेला डबा काढला. "उलटीनं तोंड कडू झालंय त्याचं. घे रे राजा, एवढी पाकळी." त्यानं डोळे मिटूनच तोंड उघडलं.

डॉक्टर को बाईंनी त्याला चालवून बघितलं. चालला कसला, ह्यांनी धरला म्हणून उभा राहिला. रक्त काढायला पाठवलं आणि आम्हाला विचारायला बसल्या. दुसरं काही औषध? नाही. झाडपाल्याचं, वैद्याचं? नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेली एखादी गोळी?

"मी असताना कोण देतंय?" मी म्हणाले.

"ग्रेपफ्रूट खाल्लं? त्याचा रस?"

"ते बाहेरून येतं ते लालसर? नाव नका काढू. गोळीच्या पाकिटावरच लिहिलंय, मी वाचलंय. आमच्या उंबऱ्याच्या आत ते येत नाही." जरा तोऱ्यातच सांगितलं मी.

बाई विचारात पडल्या. तेवढ्यात सासूबाईंना वाटलं, हीच वेळ बरी. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, घरचीच आहेत. गोड आहेत. माझ्या लेकाला बरं करा."

डॉक्टरबाईंनी खोक्याकडे बघितलं. मग सासूबाईंच्या हातांकडे. सालीच्या तेलानं दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी झालेली.

"हा खातो का ही?"

"न खायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "रोज एक अख्खं खातो. मी स्वतः सोलून भरवते. आत्ता गाडीतसुद्धा दिलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सावकाश बोलल्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट एकाच कुळातली. ही गोळी शरीर रोज थोडीथोडी जिरवून बाहेर टाकतं, आणि हे फळ नेमकं ते जिरवणंच अडवतं. "तुम्ही गोळी बरोबरच देत होता. पण ती अंगातून जात नव्हती, साठत होती. ते दोन-दोन दिसणं, तोल जाणं, उलट्या, हे त्याचं जुनं दुखणं नाही."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पपनस हे फळ आहे हेच आमच्या डोक्यात येत नाही. गिऱ्हाईक फळ खातं. आमच्याकडे ते फरशीवर असतं, पायात येतं, जाता-येता तोंडात जातं. त्याला खाणं कोण म्हणतं? आणि मी, पाकीट वाचणारी शहाणी, त्या ढिगातून वाट काढत रोज त्याला गोळी नेऊन देत होते.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी?"

त्यांनी खोकं टेबलावरून उचललं आणि परत मांडीवर घेतलं.

रक्तात औषध नको तेवढं चढलेलं निघालं. त्याला ठेवून घेतलं. गोळी किती थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरांनी ठरवलं, आणि तेवढा वेळ नर्स त्याच्यावर नजर ठेवून होत्या. मी उशाशीच होते. त्याचा पाय नुसता हलला तरी मी उठून उभी राहायची. सण तिथंच गेला. खिडकीतून चंद्र दिसला तेव्हा मी विचारलं, "किती दिसतायत?"

बराच वेळ बघून तो म्हणाला, "एकच आहे गं."

मी साठलेलं सगळं रडून घेतलं.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं की गोळी तीच, आणि तेवढीच. पपनस बंद, रसही नाही, मधातला मुरंबाही नाही. काही वेगळं वाटलं तर आधी फोन, पण आपल्या मनानं गोळी थांबवायची नाही.

घरी आलो तर बैठक रिकामी. ह्यांनी सांगितलं, आईनं एकटीनं सगळी पपनसं मागच्या कोठारात नेऊन टाकली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि फरशी घासून काढली. वास मात्र भिंतींना तसाच होता.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उचलली नाही. नुसता बघत राहिला.

"वहिनी, घेऊ? नक्की?"

"घे," मी म्हणाले.

पाणी हवं होतं. सासूबाई मोरीपाशी उभ्या राहून हात धूत होत्या. साबण लावला, धुतले, परत साबण लावला. बोटं लालबुंद झाली होती. मग दोन्ही हात त्यांनी माझ्या नाकाखाली धरले. "लिएन-चू, बघ गं, वास येतोय का अजून? मी पेल्याला हात लावला तर चालेल का?"

वास येत होता. नखांतून जाणार आहे थोडाच तो. या हातांवर माझा किती वर्षांचा राग होता, आणि त्या क्षणी मला तो शोधूनही सापडेना.

"हातानं काही होत नाही, आई. द्या त्याला पाणी."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी हात टॉवेलात गुंडाळले आणि त्या टॉवेलातच पेला धरून त्याच्या तोंडाशी नेला. पेला हलत होता. आ-छोंगनं गोळी जिभेवर ठेवली, आईच्या टॉवेलावर आपला हात ठेवून पेला स्थिर केला आणि पाणी प्यायला.

मग जीभ काढली. मला नाही, आईला दाखवली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून त्याच्या तोंडात नीट बघितलं, गोळी खरंच गेली का ते.