डाव्या पायाचा ब्रेक

मास्तरांनी गाडी कँटीनमागच्या उतारावर तोंड खाली करून लावली आणि उतरायच्या आधी एकदा आजूबाजूला बघून घेतलं. कोणी बघत नव्हतं. मग दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून त्यांनी उजवा पाय सीटवरून ओढत अलीकडे आणला. खुब्यातून कळ निघाली. ती ओसरेपर्यंत ते टाकीवरची धूळ पुसत असल्यासारखे उभे राहिले.

उतारावर गाडी लावायची ही युक्ती त्यांनी गेल्या काही महिन्यांत शोधून काढली होती. उतारावरून सोडली की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आपोआप सुरू होते, किक मारावी लागत नाही. विचारलंच कुणी, तर तिकडे सावली असते असं सांगायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. तिकडे सावली नव्हती, पण अजून कुणी विचारलंही नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी मात्र आडपडदा ठेवला नव्हता. खुब्याची वाटी झिजली आहे. किक बंद, उंच सीटवर टांग टाकणं बंद. चालवायचीच असेल तर बुटकी, बटणाने सुरू होणारी गाडी बघा, नाहीतर सरळ सोडून द्या. मास्तर 'बघतो' म्हणाले होते आणि खरोखरच बघायला गेले होते. नदीपलीकडच्या शोरूममध्ये जाऊन त्यांनी त्या नव्या कंपनीची क्रूझर चालवून पाहिली. एकदा नाही, बऱ्याचदा. घरी फक्त बायकोला ठाऊक होतं.

"आवडली आहे तर घ्या ना," ती म्हणाली होती. "गाडी तुम्हाला चालवायची आहे की फोटोवाल्याला?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि म्हणूनच मास्तरांना तो झोंबला होता.

फोटोवाला म्हणजे मास्तरांचा जुना दोस्त, बाजारातल्या फोटो स्टुडिओचा मालक. दोघांनी तरुणपणी एकाच दिवशी एकाच कंपनीच्या काळ्या, जडशीळ, धडधडणाऱ्या गाड्या घेतल्या होत्या आणि अजून त्याच चालवत होते. मास्तर गाडी लावतील तिथेच, आता उतारावरही, फोटोवाला काही न विचारता आपली शेजारी लावायचा. दर रविवारी सकाळी पेट्रोल पंपाशेजारच्या या कँटीनवर मंडळी जमत. चहा व्हायचा आणि कुठली गाडी श्रेष्ठ यावर तोंडाला फेस येईपर्यंत वाद व्हायचा. पोस्टमन त्याच्या दोन-स्ट्रोकवाल्या गाडीची बाजू घ्यायचा. ती इतका धूर सोडायची की ती आली म्हटल्यावर कँटीनवाला बिस्किटांच्या बरण्यांना झाकणं लावायचा. पण नव्या कंपनीचा विषय निघाला की सगळे एका सुरात नाकं मुरडायचे, आणि त्यात फोटोवाल्याचा सूर सगळ्यांत वरचा असायचा.

"खुर्ची आहे ती, गाडी नव्हे," तो म्हणायचा. "पाय पसरून बसा आणि पेपर वाचा. ज्याच्या हाडांत दम नाही, त्याने घ्यावी."

मास्तर मान डोलवायचे. त्यांचीही जीभ या बाबतीत काही कमी चालली नव्हती.

आज ती खुर्ची कँटीनच्या दारात उभी होती. दातांच्या डॉक्टरीणबाई वर्षभरापासून कुणाची तरी गाडी मागून आणून ग्रुपबरोबर फिरायच्या. आता त्यांनी स्वतःची घेतली होती. गडद हिरवी, बुटकी, लांबलचक. बाई तिच्याशेजारी हेल्मेट काखेत धरून अशा उभ्या होत्या, जणू दाखवायला आणलेल्या मुलीची आईच.

"मास्तर, तुमचीच वाट बघतोय," त्या म्हणाल्या. "निकाल लावा."

ग्रुपमध्ये कुणी नवी गाडी आणली की सगळ्यांत वडीलधाऱ्याने ती आधी चालवायची, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायचं आणि एका शब्दात सांगायचं: पास की नापास. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, तेव्हापासून याला निकाल म्हणायची पद्धत पडली होती. त्यांच्यानंतर वयाने दुसरा असेल त्याने चक्कर मारायची, पण निकाल मास्तरांचा. तो बदलत नसे. आजवर एकही गाडी पास झाली नव्हती. एकीला तर आवाजच येत नाही म्हणून त्यांनी नापास केलं होतं. नापास झालेल्या गाडीच्या मालकाचं काही बिघडायचं नाही, चार दिवस चेष्टा व्हायची, एवढंच. पण त्यानंतर ग्रुपमधला दुसरा कुणी ती गाडी घ्यायचा नाही. म्हणजे आज मास्तरांच्या तोंडातून काय निघेल त्यावर त्यांचं पुढचं सगळं फिरणं अवलंबून होतं.

"गेटकडे चला रे," पोस्टमन म्हणाला. "मास्तर आता उडी मारणार."

सगळे हसत पंपाच्या गेटकडे सरकले. मास्तरांच्या आणि फोटोवाल्याच्या जुन्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. आताच्या सगळ्या गाड्यांचं बरोबर उलट. त्यामुळे जन्मभर जुनी गाडी चालवलेला माणूस नव्या गाडीवर बसला, की गेटपाशी रस्त्याला लागताना थांबायला म्हणून डावा पाय दाबायचा, तो पडायचा गिअरवर, आणि गाडी उचकी लागल्यासारखी उडायची. हे हमखास व्हायचं. ते बघायला लोक चहा सोडून उठायचे.

मास्तरांचा पाय आता चुकणार नव्हता. शोरूमच्या मागच्या रस्त्यावर तो शिकला होता. आणि नेमकं तेच या लोकांना दिसता कामा नये होतं.

ते गाडीवर बसले. टांग टाकावी लागली नाही, नुसता पाय पलीकडे गेला. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. बटण दाबलं. गेटपर्यंत आले आणि मुद्दाम, मनात ठरवून, त्यांनी डावा पाय खाली दाबला. गाडीने हिसका दिला. मागून हशा उठला, आणि फोटोवाल्याचा आवाज आला, "सवय आहे ती, अशी थोडीच जाते."

रस्त्याला लागल्यावर मात्र मास्तरांनी स्वतःला फसवलं नाही. हात मुंग्या न येता हँडलवर राहिले. खुब्याने एकदाही आठवण करून दिली नाही. टाकीपर्यंतचा रस्ता कधी संपला ते कळलं नाही, आणि तिथे गाडी वळवताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. अजून बरीच वर्षं चालवू आपण, असं ते हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणाले.

परत येताना कँटीन दिसलं. ओट्यावर फोटोवाला हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याशेजारच्या आपल्या रिकाम्या जागेकडे मास्तरांचं लक्ष गेलं. उद्या आपण या गाडीवर आलो तर हा काय म्हणेल ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. हसेल, ते एक वेळ चालेल. पण रविवारी आपल्या गाडीशेजारी स्वतःची गाडी लावायचं थांबवलं तर?

ते उतरले. हेल्मेट काढायला त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"काय मास्तर?" बाईंनी विचारलं.

"नापास," मास्तर म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी लगेच सावरून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या. "कशात गेली?"

"दम नाही."

हा शब्द त्यांच्याही कानाला उधार घेतल्यासारखा लागला. पोस्टमनने टाळी दिली. मास्तर कँटीनच्या बाकावर बसले. चहा समोर आला, तो त्यांनी हातात घेतला नाही. आपण आत्ता आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

आता पाळी फोटोवाल्याची. तो कुरकुरत गाडीवर बसला, गेटपर्यंत गेला, आणि त्याचाही डावा पाय दणकन गिअरवर पडला. गाडी उडाली, तो हँडलवर ओणवा झाला, एक शिवी हासडली, आणि लोकांना मास्तरांपेक्षा जास्त मजा आली. मास्तरही हसले. झालं ते बरंच झालं, त्यांनी मनाची समजूत घातली. याच्या पायातसुद्धा जुनी गाडीच आहे.

फोटोवाला टाकीला वळसा घालून परत येताना दिसला तेव्हा बाकीचे आत चहा प्यायला गेले होते. मास्तर एकटेच उठून गेटजवळ येऊन उभे होते. तेवढ्यात पंपातून एक टँकर काही न बघता मागे-मागे रस्त्यावर आला. विचार करायला वेळ नव्हता. फोटोवाल्याचा उजवा पाय खाली गेला आणि हिरवी गाडी टँकरच्या अलीकडे सरळ रेषेत थांबली. त्याचा डावा बूट पायटेकणीवर जसा होता तसाच राहिला होता.

मास्तर त्या बुटाकडे बघत राहिले. मघाशी गेटपाशी गिअरवर पडलेला त्याचा पाय त्यांना आठवला. तो फार जोरात पडला होता. आपण मुद्दाम पाडला होता त्याहून जोरात.

फोटोवाल्याने गाडी गेटच्या आत आणली आणि उतरला. उतरताना त्याने एक हात गुडघ्यावर दाबला.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "नापास."

"कुठल्या शोरूमला गेला होतास?" मास्तरांनी विचारलं.

"कसलं शोरूम?"

"टँकर आला तेव्हा तुझा डावा पाय हललासुद्धा नाही."

फोटोवाल्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

"नदीपलीकडच्या," तो शेवटी म्हणाला. मग मान वर करून त्याने मास्तरांकडे नीट पाहिलं. "आणि तुला कसं कळलं रे, पाय कसा शिकतो ते?"

मास्तरांचा हात आपोआप खुब्यावर गेला. तेवढ्याने त्याला कळलं.

"माझा गुडघा गेलाय," फोटोवाला म्हणाला. "जिना उतरताना रडू येतं. बुक केली होती मी. रंगसुद्धा ठरवला होता, तुला आवडला नसता. मागच्या आठवड्यात जाऊन रद्द करून आलो."

"का?"

"का म्हणजे? तुझ्या गाडीशेजारी ती लावू कशी? इतकी वर्षं इतकं तोंड वाजवल्यावर." त्याने हिरव्या गाडीकडे बोट केलं. "आज ही बाई गाडी घेऊन आली तेव्हा म्हटलं, बघू. मास्तरने पास केली तर उद्या परत जाऊ. तू तर एका शब्दात कारभार आटोपलास."

मास्तरांना राग आला, तो कुणाचा ते कळेना. या माणसाच्या भीतीने आपण खोटं बोललो, आणि हा माणूस आपल्या भीतीने गुडघा धरून बसलाय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि लंगडायचं न लपवता कँटीनच्या दारातून आत गेले.

बाई एकट्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "तुमची गाडी पास आहे."

पोस्टमनने कप खाली ठेवला.

"असं कसं मास्तर? निकाल लागलाय. तो बदलत नाही."

"परीक्षकानेच गडबड केली असेल तर बदलतो," मास्तर म्हणाले. "गेटपाशी माझा पाय चुकला नव्हता. मी मुद्दाम चुकलो."

कुणालाच काही कळेना. बाई हातातलं बिस्किट विसरून बघत राहिल्या. फोटोवाला दारात येऊन उभा राहिला होता, एक हात चौकटीला टेकवून.

"आणि मीही मुद्दाम," तो म्हणाला, "त्याचं बघून."