चिंबोरीचे राहिलेले पाय

मित्रांनो, पातळ पुस्तकाच्या मधल्या पानावर तुम्हाला तारेच्या दोन पिना दिसतात ना, त्या मारणारे एक जुने मशीन आहे मी. पायपट्टी दाबली की खट्कन तार मारायची, एवढेच मला येते.

मोहोपाड्यातल्या एका वह्यावाल्याने मला मोडीत काढले, तेव्हा नंदाताई मला टेंपोत घालून कर्जतला घेऊन आल्या. त्या भिवपुरीच्या बालवाडीत शिकवत. पुस्तकातले उंट आणि जहाजे बघून तिथली पोरे कंटाळत. म्हणून ताईंनी भाताच्या लावणीचे, बैलांचे, मोहाच्या फुलांचे पुस्तक स्वतःच काढले. त्याच्या पहिल्या चाळीस प्रती मी शिवल्या. ओहोळ प्रकाशन सुरू झाले ते असे, एका खोलीत, तांदळाच्या कणगीशेजारी.

ताईंची एक रीत होती. पुस्तक छापण्याआधी माझ्याकडून एकच कच्ची प्रत शिवून घ्यायची आणि डोंगराखालच्या ठाकरवाडीत पोरांना वाचून दाखवायची. ज्या पानावर पोरे जांभया देतील, ते पान बाद! चित्र चुकले तर पोरे ताईंना तिथेच फैलावर घेत. ताई हसत परत येत आणि पुन्हा माझ्यापुढे बसत. तेव्हा माझा मोठा मान होता. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ मलाच मिळे.

मग पसारा वाढला. गोष्टीची पुस्तके, गणिताचे तक्ते, शाळांसाठी सरावाच्या वह्या. खालापूरला मोठी शेड उभी राहिली. कारभार ताईंच्या मुलाने, किरणने हाती घेतला. तासाला हजारो प्रती शिवणारे नवे मशीन आले आणि मी कोपऱ्यात गेले. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले. त्याचे वाईट वाटलेच, पण कच्ची प्रत बंद झाली याचे जास्त वाटले. किरण म्हणे, "आई, शाळांची तारीख पाळू का वाड्या फिरत बसू?"

यंदा जूनच्या तोंडावर 'मोजू या पाय' हे पुस्तक तयार झाले. तीन हजार प्रती चार दिवसांनी शाळांत जायच्या होत्या. छापील कागदांच्या घड्या घालणारी, त्याच ठाकरवाडीतली गोदा त्या दिवशी आपल्या मंगळीला शेडवर घेऊन आली होती. माझ्या पायाशी बसून मंगळी खेकड्याचे पान बघत होती. खाली लिहिले होते, 'खेकड्याचे आठ पाय मोजा.' चित्रात दोन नांग्या धरूनच आठ भरत होते. पोरीने दोनदा मोजले.

"आये, चिंबोरीला नांग्या सोडून आठ पाय असतात ना गं?"

"असतात की. का गं?"

"मंग आपल्या व्हाळातल्याच चिंबोऱ्या चुकीच्या असतील. पुस्तकात तसं नाय."

ज्या वाडीतली पोरे ताईंना फैलावर घेत, तिथली पोरगी आता स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवत होती. ताईंनीही ते ऐकले. त्यांनी पुस्तक घेऊन बोटाने पाय मोजले.

"किरण, ही पुस्तकं जायची नाहीत."

"एका खेकड्यासाठी? आई, कोण मोजतंय?"

"हिनं मोजलं. आणि आपण तिला खोटी पाडली."

किरणने मंगळीकडे पाहिले. मग तिच्याजवळ उकिडवा बसला. "मंगळी, खरं सांग. या चित्राचं काय चुकलंय?"

मंगळीने आधी आईकडे पाहिले. मग म्हणाली, "ह्याचं दोन पाय कुणीतरी खाल्लंत."

सगळी शेड हसली. किरणने हसत कान धरले आणि शाळांना फोन लावला.

खेकड्याचे पान नव्याने छापून आले. पण शिवलेल्या प्रतींच्या पिना उचकटून, पान बदलून, एकेक प्रत पुन्हा शिवायची होती. सुट्या प्रतीला नवे मशीन तोंड लावत नाही. माझ्यावरचे कप उचलले गेले. गोदा पिना काढत होती, ताई आणि किरण आळीपाळीने माझी पट्टी दाबत होते. दोनदा माझी तार अडकली. वय झाले, दुसरे काय!

मित्रांनो, जुन्या यंत्राला अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या, आम्ही कामाला नाही म्हणत नाही. पुस्तकेही जपा. पण पुस्तक चुकलेले दिसले, तर गप्प बसून आपले डोळे खोटे मानू नका. दुरुस्त केलेली पहिली प्रत किरणने मंगळीला दिली, तेव्हा तिने आधी पाय मोजले आणि मगच ती पिशवीत टाकली.