‘आ’ आणि ‘बा’

माझं काम डोळे फोडण्याचं. वाळवंटातल्या गुहेतून हजारो वर्षांपूर्वीची माती येते. मी ती चाळते आणि वाळून टिकलेल्या बिया, टरफलं चिमट्यानं वेचते. तेव्हाची माणसं काय खात होती, ते त्यावरून कळतं. यंदा दोन सांगाड्यांच्या पोटाशी सापडलेली माती आली, एक बाई आणि तिचं तान्हेपण सरलेलं पोर. पिशव्यांवर एकेकच अक्षर: ‘आ’ आणि ‘बा’. आई आणि बाळ, दुसरं काय असणार?

‘बा’मध्ये रानगवताचे भरदार दाणे निघाले. ‘आ’मध्ये नुसता कोंडा.

जिभेला हाड नसतं. घरी जाऊन आईला सांगितलं, “बघ, स्वतः कोंडा खाल्ला आणि दाणे लेकराला घातले.”

आईनं हातातला घास ताटात ठेवला. “मी खाल्ले होते,” ती म्हणाली.

दुष्काळात माझा धाकटा भाऊ गेला, एवढंच मला माहीत होतं. शेवटचं मूठभर धान्य आईनं एकटीनं खाल्लं होतं, हे चाळीस वर्षं तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मी चिडले, रडले, पाया पडले. डॉक्टरांनीही हात टेकले.

बाराव्या दिवशी प्रयोगशाळेत फावडेराव आले. खोदकाम त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. माझी वही बघून म्हणाले, “अहो बाई, ‘आ’ म्हणजे आत, ‘बा’ म्हणजे बाहेर. पोर आत होतं. बाई बाहेर, गुहेच्या तोंडाशी.”

“पूर्ण शब्द लिहायला शाई संपते का हो तुमची?” मी ओरडले. खरं तर आधी मीच विचारायला हवं होतं. पण मी थांबलेच नाही, चपला न घालता घरी पळाले.

“आई, माझं चुकलं. कोंडा पोराच्या पोटात होता. दाणे तिनं खाल्ले, तुझ्यासारखेच.”

आईनं डोळे उघडले. मी दुधाचा चमचा तिच्या ओठांशी नेला.

“खाऊन जगली का गं ती?”

खोटं बोलायला हवं होतं. मेली ही खरं सांगायची सवय.

“नाही. तीही तिथंच गेली.”

“मी जगले,” आई म्हणाली, आणि तिनं ओठ मिटून घेतले.