एकतीस नंबरचा मायक्रोटोम

मी एक जुना मायक्रोटोम आहे आणि भंगारात जायला मी तयार नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे माझी कहाणी तुम्ही रडवेल्या चेहऱ्याने ऐकणार नाही.

मायक्रोटोम म्हणजे काय, ते पुष्कळांना ठाऊक नसते. आई काकडीच्या चकत्या करते ना, तेच माझे काम. फक्त माझी चकती इतकी पातळ असते, की तुमच्या एका केसाच्या जाडीत तशा दहा मावतील. शरीराचा मऊ भाग कापता येत नाही, म्हणून तो आधी मेणात मुरवून त्याची वडी करतात. ती वडी माझ्या चिमट्यात बसवतात. चाक एकदा फिरवले की वडी पोलादी पात्यावरून खाली सरकते आणि एक चकती सुटते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, तिच्या सुरकुत्या गेल्या की काचेच्या पट्टीवर अलगद उचलायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. बस्स, एवढेच. पण हे ‘एवढेच’ नीट करायला माणसाला वर्ष लागते.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथून भुश्शाने भरलेल्या लाकडी पेटीतून मी भोपाळला आलो, पिपलानीच्या बाजूला, कारखान्याच्या वसाहतीतल्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टर लीलावतीबाई रोज संध्याकाळी मला मलमलीने पुसत आणि माझ्या खाचेत तेलाचा एकच थेंब सोडत. दुसरा थेंब सोडणाऱ्याला त्या रागावत. कोणी पाहुणा आला तर म्हणत, याचा हात हलका आहे. मी लोखंडाचा आहे, तरी मला ते बरे वाटे.

माझे पाते धार लावायला कारखान्याच्या टूलरूममध्ये जाई. तिथे काशिनाथ उमाठे होते, नागपूरकडचे. दिवसभर मोठमोठ्या यंत्रांची हत्यारे घासणारा हा माणूस माझ्या पात्यासाठी वेगळा दगड फडक्यात गुंडाळून ठेवी. आधी दगड, मग चामड्याचा पट्टा, मग मनगटावरचा एक केस. केस आवाज न करता तुटला तरच पाते परत येई. त्यांची आणखी एक सवय होती. कुठलेही काम हातात घेतले, की ते आधी वहीत त्याचे चित्र काढत आणि कोणती बाजू वर आहे तेही चित्रातच दाखवत. हाताला लागण्याआधी डोळ्याला लागले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

पुढे इस्पितळात नवे यंत्र आले. मला शहरातल्या एका संशोधन संस्थेला देऊन टाकले. तिथे मेंदूवर संशोधन चाले, पण मला हात लावायला कोणी नव्हते. अकरा वर्षे मी कपाटाच्या माथ्यावर बसून होतो. माझ्या चाकावर लोक ओले ॲप्रन वाळत घालत. मला राग येत असे. यंत्रांना राग येत नाही असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल, तर ते तेवढे विसरा.

मग कांचन आली. काशिनाथांची मुलगी. ती पीएच.डी. करायला आली होती आणि प्रयोगशाळेतले नवे यंत्र प्रकल्पातल्या वरिष्ठ मुलांना वाटून दिलेले होते. तिने रमेश भैयांना विचारले. रमेश भैया म्हणजे तिथले जुने प्रयोगशाळा-सहायक. प्रत्येक कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी मला खाली उतरवले आणि म्हणाले, “दीदी, बूढ़ा है, पर घरेलू है। आपके ही मोहल्ले का है।” कांचनने माझ्या पात्याच्या पाठीवरची टूलरूमची खूण ओळखली आणि ते घरी नेले. दुसऱ्या दिवशी ते परत आले, तेव्हा मनगटावरचा केस आवाज न करता तुटत होता.

तिचे मार्गदर्शक होते डॉक्टर श्रीकांत. अरेरा कॉलनीत राहत, मराठी, बोलायला गोड. वाईट माणूस म्हणून मी त्यांची ओळख करून देणार नाही. रात्रंदिवस राबून त्यांनी ती प्रयोगशाळा उभी केली होती. त्यांचे म्हणणे असे होते: उंदराच्या पिलाच्या डाव्या मिशा कापत राहिल्या, तर त्या मिशांचा निरोप जिथे पोचतो त्या उजव्या मेंदूत एका प्रकारच्या पेशी कमी होतात. हे खरे आहे का, ते चौदा मेंदू कापून मोजायचे. हे कांचनचे काम.

आता इथे एक गंमत आहे आणि सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. मेंदूच्या दोन बाजू दिसायला सारख्या. चकती पाण्यावर पालथी पडली, तर डावे कोणते आणि उजवे कोणते, कोण सांगणार? म्हणून मेणात घालण्याआधी मेंदूच्या उजव्या बाजूत मागून पुढे एक सुई आरपार घालतात. मग प्रत्येक चकतीत एक बारीक भोक येते. भोक आहे ती उजवी. चकती हवी तशी लोळू द्या, भोक खोटे बोलत नाही.

भोक खोटे बोलत नाही, पण सुई घालणारा हात चुकू शकतो.

दोन वर्षे मी आणि कांचन राबलो. चौदाही मेंदूंचे पुढचे अर्धे भाग कापून झाले, मोजून झाले आणि डॉक्टर श्रीकांतांना हवे होते तसेच उत्तर आले. उजवीकडे पेशी कमी. ते खूश झाले. याच आकड्यांवर त्यांनी पुढच्या निधीसाठी प्रस्ताव पाठवला. त्या निधीवर कांचनच्या मागून आलेल्या दोन मुलांची फेलोशिप अवलंबून होती.

तिसऱ्या वर्षाचा प्रगती अहवाल लिहिताना कांचन जुनी वही चाळत बसली होती. वडिलांची सवय तिने घेतली होती. सुई घालण्याआधी प्रत्येक मेंदूचे चित्र काढायची. एका पानावर तिचा हात थांबला. त्या दिवशीच्या सहा मेंदूंच्या चित्रांत मधोमध एक फुली होती. ती डोळ्यांच्या नसांची फुली. ती मेंदूच्या पोटाकडून दिसते, पाठीकडून दिसत नाही. तिला आठवले: सरांना व्याख्यानासाठी खालच्या बाजूचे चित्र हवे होते, म्हणून तिने ते सहा मेंदू उलटे ठेवले होते. चित्रे काढली आणि पुन्हा सुलटे न करताच आपल्या उजव्या हाताच्या बाजूला सुया घातल्या. उलट्या मेंदूत ती बाजू डावी असते.

म्हणजे चौदांतल्या सहांचे उजवे हे डावे होते. बाजू दुरुस्त केल्या, की आठ एक सांगत होते आणि सहा नेमके उलटे. सुंदर उत्तर संपले.

ती तशीच सरांकडे गेली. मी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो, सगळे ऐकू येत होते. चूक माझी आहे, असे तिने पहिल्याच वाक्यात सांगितले. सरांनी वही जवळ ओढून ते पान पाहिले. मग म्हणाले, की ते चित्र घाईत काढलेले आहे, चित्रावर कोणी विज्ञान करत नाही. प्रस्ताव गेलेला आहे. तुझ्यामागे दोन मुले आहेत, त्यांच्या पोटावर पाय येईल. आणि शेवटी, हळू आवाजात:

“आपल्या लोकांतली म्हणून सांगतो कांचन, त्या पानावर ‘पाठ वर’ एवढं लिही. दोन शब्द. मी उद्या अहवालावर सही करतो.”

त्या सहीवाचून फेलोशिप पुढे चालू राहत नाही, आणि मार्गदर्शकाने हात काढून घेतला तर विद्यार्थ्याचे नावच कमी होते. हे तिला ठाऊक होते. तिने वही मिटली.

“सर, चित्र मी बदलणार नाही. आकड्यांचा तक्ता बदलते.”

“मग सही दुसऱ्या कोणाची घे.”

“घेते.”

एवढेच बोलणे झाले. तुम्हाला वाटेल, तिने काहीतरी जोरदार सुनवायला हवे होते. पण टूलरूममधल्या माणसाची मुलगी ती. कामापेक्षा मोठा आवाज त्या घरात कोणी करत नसे.

आठवड्याभरात भंगाराची यादी लागली. तिच्यात एकतिसावा मी होतो. माझ्या अंगावर पिवळ्या खडूने ३१ असा आकडा घातला आणि मला मागच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांशेजारी नेऊन ठेवले. माझ्याबरोबर माझी लाकडी पेटीही आली. यादी करणाऱ्याने पेटी उघडून पाहिली नाही. तिच्या खालच्या खणात रमेश भैयांनी कापून उरलेल्या चौदा वड्या ठेवल्या होत्या, नंबर घालून. उरलेली वडी फेकायची नाही, ही त्यांची जुनी पद्धत. सोमवारी भंगाराची गाडी येणार होती.

शनिवारी रमेश भैया व्हरांड्यात आले आणि कांचनला बोलावून त्यांनी खण उघडून दाखवला. ती वड्यांकडे पाहत राहिली. मग खाली फरशीवरच बसली.

चकती पालथी पडते, मित्रांनो. वडी पडत नाही. वडीत अजून मेंदूचा मागचा अर्धा भाग होता, वर-खाली, मागे-पुढे सगळे जागच्या जागी. समोर बसलेल्या माणसाचा डावा हात कोणता, हे त्याला न विचारता कळते ना, तसे वडीकडे पाहून भोक कोणत्या बाजूला आहे ते कोणालाही सांगता येते. चित्र घाईचे म्हणता येईल. मेणाला काय म्हणाल?

तिने विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापिका सुलभा मॅडम यांना चिठ्ठी लिहिली. प्रगती समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. चिठ्ठीत तक्रार नव्हती. ‘सोमवारी सकाळी नऊ वाजता मागच्या व्हरांड्यात पंधरा मिनिटे याल का,’ एवढेच होते. तशीच चिठ्ठी तिने डॉक्टर श्रीकांतांच्या टेबलावरही ठेवली. त्यांच्यामागे काही करायचे नव्हते तिला.

सोमवारी काशिनाथ आपल्या जुन्या स्कूटरवरून आले. आता ते निवृत्त झाले होते. त्यांनी फडके उलगडून घरी धार लावलेले पाते काढले, माझ्यात बसवले, पट्ट्या आवळल्या. मुलीला म्हणाले, “बेटा, पात्याकडे बघू नको. वडीकडे बघ.” आणि बाजूला एका मोडक्या खुर्चीवर जपून बसले.

सुलभा मॅडम आल्या. डॉक्टर श्रीकांतही आले, दाराशी उभे राहिले. कांचनने आठांतली एक वडी बसवली. अकरा वर्षांच्या धुळीचा, ओल्या ॲप्रनांचा आणि खडूच्या त्या आकड्याचा माझा सगळा राग मी त्या चाकात घातला आणि इतका सरळ फिरलो, इतका सरळ, की लीलावतीबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हात हलका आहे. वडीचे तोंड आरशासारखे झाले. भोक स्पष्ट दिसले, मेंदूच्या उजवीकडे. मग तिने सहांतली पहिली वडी बसवली. भोक दुसऱ्या बाजूला. मग दुसरी, तिसरी. सहाही तशाच.

मॅडमनी भिंग डोळ्याला लावून सगळ्या पाहिल्या. खाली भंगाराची गाडी हॉर्न वाजवत होती. त्यांनी विचारले, ही चूक कोणाला सापडली? कांचन म्हणाली, मला. आणि केली कोणी? तीही मीच.

मॅडम डॉक्टर श्रीकांतांकडे वळल्या. ते वडीकडेच पाहत होते. ते म्हणाले, की प्रस्ताव परत मागवावा लागेल. आणि गेले. त्यांनी त्या अहवालावर सही केली नाही, कधीच नाही. पण तो प्रस्ताव त्यांनी खरोखर परत मागवला, हेही मला सांगितले पाहिजे.

सही मॅडमनी केली. “आजपासून ही माझी विद्यार्थिनी,” त्या रमेश भैयांना म्हणाल्या, “आणि ही पेटी आत घ्या.”

“और ये इकतीस नंबर, मैडम?”

“तोही आत. गाडीवाल्याला तीसच मोजायला सांगा.”

मित्रांनो, यानंतर सगळे छान झाले असे मी म्हणणार नाही. मार्गदर्शक बदलण्याचे कागद फिरण्यात सहा महिने गेले आणि तेवढे दिवस कांचनची फेलोशिप बंद होती. ती अयोध्या नगरात मुलांना विज्ञान शिकवायला जाई आणि दुपारी येऊन माझे चाक फिरवी. ती मागची दोन मुले तिच्याशी बोलेनाशी झाली. त्यातला एक पुढे स्वतःच येऊन उभा राहिला आणि म्हणाला, धार कशी लावतात ते दाखवाल का. तिने दाखवली. काय बोलायचे ते दगडावर बोलून झाले.

तिने सहा नवे मेंदू कापले, सुई घालताना पाठ वर ठेवून. उत्तर आले: दोन्ही बाजूंत फरक दिसत नाही. अशा उत्तराला टाळ्या मिळत नाहीत. पण तिच्या प्रबंधात पहिल्याच प्रकरणात ती सहा चित्रे छापली आहेत, फुलीसकट, आणि खाली लिहिले आहे, ‘ही चूक माझी.’ परीक्षक तिथेच सर्वांत जास्त वेळ थांबले, असे रमेश भैया सांगतात.

आता मी खिडकीपाशी असतो. कांचनचे स्वतःचे विद्यार्थी मला वापरतात. त्यांच्याकडे मी, आणि तुमच्याकडेही, एवढेच मागतो. माझे पाते कोरडे ठेवा. तेलाचा एकच थेंब घाला. उरलेली वडी फेकू नका. आणि शिकवणारे व्हाल, तेव्हा तुमच्या सहीसाठी कोणाला आपली वही खोडायला लावू नका. ज्या गोष्टी जपायच्या, गंजू द्यायच्या नाहीत, त्यांत शिकणारी माणसेही येतात.

माझ्या अंगावरचा खडूचा आकडा पुसायला परवा एका मुलीने ओले फडके आणले होते. कांचनने तिचा हात धरला. म्हणाली, तेवढे राहू दे.

राहिले आहे. पाहायला या. एकतीस.