दोरीवरच्या नव्व्याण्णव सह्या

रोपवेचा डबा थांबला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती आणि आनेलीच्या पायाखाली दोनशे मीटर नुसती हवा होती.

थांबला म्हणजे अगदी ठप्प! दरीतला गरम वारा त्याला एका बाजूने ढकलत होता. चार माणसांच्या त्या डब्यात दोघंच होती. आनेली हेर्गर, वय साडेसोळा, मांडीवर दप्तर घट्ट धरलेलं. आणि समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, पंचायतीचे सदस्य योस्ट मुहाईम. हाच रोपवे बंद करायचा ठराव गेल्या महिन्यात त्यांनीच मांडला होता. सोबतीला बसवायला देवाला दुसरं कुणी मिळालं नसावं.

दप्तरात सह्यांचे कागद होते. ग्रुंडाख गावच्या शंभर मतदारांनी तीस दिवसांत सह्या दिल्या, तर पंचायतीला ठरावावर गावाचं मत घ्यावंच लागतं. आज तिसावा दिवस होता आणि कचेरी पाचला बंद व्हायची. सह्या पोचल्या नाहीत तर वरच्या वाडीतल्या अकरा घरांना खाली यायला फक्त पायवाट उरणार. अडीच तासांची, तीही बर्फ पडेपर्यंत. मग शाळेसाठी आनेलीची रवानगी वसतिगृहात, आणि आईबाबांच्या गाई बाजारात.

तिने डब्यातला फोन उचलला. "आलोइसमामा, किती वेळ?"

"वारा पडेपर्यंत," खालून रोपवे चालवणाऱ्या आलोइसमामाचा आवाज आला. "खिडक्या लावा. आणि भांडू नका, डबा हलतो!"

मुहाईम हसले. आनेली हसली नाही.

"किती झाल्या?" त्यांनी दप्तराकडे हनुवटी केली.

"एकशे दोन!" तिने मान ताठ करून सांगितलं. सही करायला अठरा वर्षं लागतात, पण गोळा करायला वयाची अट नाही. महिनाभर तिने एकही दार सोडलं नव्हतं.

"वा. सगळ्या एकाच गावच्या?"

"प्रत्येक सही ग्रुंडाखचीच. नियम मला पाठ आहेत, मुहाईमसाहेब."

"आणि घरातल्या एकानेच सगळ्यांची नावं लिहिलेली नाहीत ना? लोक हीच चूक करतात. ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. क्लोटिल्ड दर वेळी ढीगभर ओळी बाद करते." क्लोटिल्ड म्हणजे त्यांची बायको. कचेरीत सह्या तपासायला तीच बसायची.

"आमच्याकडे असलं काही नाही," आनेली म्हणाली, आणि तरीही तिने दप्तर उघडलं. नावं गुप्त असतात, म्हणून कागद छातीशी धरून एकेक पान उलटलं.

बेर्ताआत्याच्या पानावर तिचा हात थांबला.

आत्या, तिचा नवरा, दोन मुलगे. चार ओळी, आणि चारही ओळींत तीच फुगीर, डावीकडे कललेली अक्षरं! तिघं पुरुष महिनाभर गुरं घेऊन वरच्या कुरणात होते, हे आनेलीला ठाऊक होतं. 'आमच्या घरातलं सगळं मीच लिहिते,' असं आत्या कागद परत देताना म्हणालीही होती. तेव्हा किती गोड वाटलं होतं ते!

"किती?" मुहाईमनी विचारलं. तिचा चेहरा त्यांना पुरेसा होता.

"तीन." मग तिने घसा साफ केला. "तुमच्या बायकोचा चष्मा जुना झालाय का हो?"

"गेल्याच महिन्यात नवा केला."

डबा कलला. दोरी कण्हली. खाली कचेरी इवलीशी दिसत होती, काडेपेटीएवढी, आणि तिथे जायला एकसुद्धा पाऊल टाकता येत नव्हतं. ओळी तशाच दिल्या तर खोटेपणा. खोडल्या तर नव्व्याण्णव.

तिने पेन काढलं आणि तीनही ओळी खोडल्या. डबा हलत असल्यामुळे रेघा नागमोडी आल्या.

मुहाईम टोपी फिरवत बघत राहिले.

"तुम्ही ग्रुंडाखचे मतदार आहात ना?" तिने विचारलं.

"पोरी, ठराव माझा आहे!"

"असू दे की! सही म्हणजे विरोध नव्हे. सही म्हणजे एवढंच, की गावाला विचारा. मग तुम्ही खुशाल आमच्याविरुद्ध मत द्या."

"आणि क्लोटिल्डला काय सांगू? जेवायच्या टेबलावर?"

"नावं गुप्त असतात."

"बायकोपासून?" ते हसले, मग गंभीर झाले. "हे बघ, टांगलेल्या माणसाकडून सही घेऊ नये. उद्या मीच म्हणेन, घाबरून केली. जमिनीवर विचार."

"जमिनीवर कधी पोचणार आपण!"

सव्वाचार. साडेचार. आनेलीने मिनिटं मोजणं सोडून दिलं आणि मग पुन्हा मोजायला लागली. पावणेपाचला एक हिसका बसला आणि डबा कूर्मगतीने खाली सरकू लागला.

खाली आलोइसमामा दार उघडून उभा होता. तिचं रडवेलं तोंड पाहून आणि 'एक कमी पडली' एवढंच ऐकून तो म्हणाला, "त्यात काय, मी करतो सही!"

"तुम्ही पलीकडच्या गावचे, मामा!"

मुहाईम उतरले. दोन्ही पाय जमिनीवर आपटून त्यांनी खात्री करून घेतली.

"आता विचार."

तिने नुसतं पेन पुढे केलं. डब्याच्या पत्र्यावर कागद टेकवून त्यांनी नाव, जन्मतारीख, पत्ता सावकाश लिहिला आणि सही ठोकली. "मत मात्र बंद करायच्याच बाजूने देणार हं."

"द्या, द्या!" ती तोवर पळत सुटली होती.

कचेरीच्या घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती. क्लोटिल्डने पट्टी ठेवून ओळी मोजल्या. खोडलेल्या तिन्हींवर मान डोलावली. नव्व्याण्णवनंतर पट्टी एक ओळ खाली सरकली आणि तिथेच थांबली. तिने नव्या चष्म्यावरून आनेलीकडे बराच वेळ पाहिलं.

"शंभर," ती म्हणाली आणि शिक्का मारला. "वारा वाढलाय. रोपवे आता सकाळीच चालेल, तेव्हा वर जाणं विसर. आमच्याकडे जेवायला ये. आज घरी मला ह्यांना बरंच काही विचारायचंय, आणि समोर साक्षीदार असलेला बरा."